लाल धागा आणि चाळीस उलटे खिळे

पुस्तकात ज्यांचे आभार मानायचे त्यांची नावं पहिल्या पानांत असतात, पण छापखान्यात ती पानं सगळ्यांत शेवटी जुळवतात. मी आज उलट करणार आहे. मार्थाबाई साळवे. हे नाव आधी लिहिलं, आता जीव जरा शांत झाला. पुढं वाहवत गेलो, जागा संपली, संपादकांनी कात्री लावली, तरी हे नाव जायला नको.

बाई शरणपूरला राहायच्या. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. पांढरी सुती साडी आणि काळी छत्री, ऊन असो नसो. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. खरं तर मी कुणाचाच विद्यार्थी नव्हतो. नववीत दोनदा नापास होऊन शाळा सोडली होती. आमचं गाव किनवटच्याही पलीकडं, जिथं अर्धा बाजार तेलुगूत बोलतो. किनवटहून नांदेड, नांदेडहून मनमाड, मनमाडहून नाशिक असा प्रवास करून मी आलो, तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. गावच्या एका माणसानं सातपूरच्या कारखान्यात चिकटवतो म्हणून आणलं होतं. कारखान्यात दहावीचा दाखला मागितला. माझ्याकडं नववीची गुणपत्रिका होती, तीही दाखवण्यासारखी नव्हती. म्हणून रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीतल्या छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. तिथं दाखला मागत नसत. बोटं बघत.

हे काम आता कुणाला सांगून कळत नाही. माझ्या मुलीला वाटतं की बाबा पूर्वी सुतारकाम करायचे, कारण मी सारखा 'खिळे, खिळे' म्हणतो. तर खिळा म्हणजे शिशाची एक बारीक कांडी. तिच्या एका टोकाला एक अक्षर, तेही आरशातल्यासारखं उलटं. लाकडाच्या खणाखणांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, प्रत्येक अक्षराचा वेगळा खण. डाव्या हातात पितळी पट्टी धरायची, उजव्या हातानं एकेक खिळा उचलून त्यात उभा करायचा. ओळ झाली की पुढची ओळ. पान झालं की गॅली नावाच्या पत्र्याच्या तबकात सुतळीनं बांधायचं. चार पानं सपाट दगडावर मांडून लोखंडी चौकटीत आवळून बसवली की झाला फर्मा. फर्मा मशीनवर चढतो, शाई लागते, कागद दाबला जातो. छापून झालं की फर्मा धुवायचा, आणि मग या धंद्यातलं सगळ्यांत कंटाळवाणं काम: प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. त्याला आम्ही खिळे सोडणं म्हणायचो. खिळे सोडले नाहीत, तर उद्या जुळवायला अक्षर नाही.

मराठीच्या खणांपुढं इंग्रजी केस म्हणजे सुट्टीच वाटायची. इंग्रजी मला येत नव्हतं, पण त्यानं काही अडत नसे. आम्ही वाचत नव्हतो, आकार बघत होतो. कागदावर जे चित्र आहे तेच पट्टीत उभं करायचं. मी तर म्हणेन की इंग्रजी न येणारा जुळारी चुका कमी करतो, कारण तो स्वतःचं डोकं लावत नाही. हा माझा त्या काळचा अभिमान होता, आणि तो पुढं मोडायचा होता.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. निफाडकडचे शेतकरी, द्राक्षाचे बाग भावाकडं सोडून शहरात छापखाना टाकलेले. मनानं वाईट नव्हते, पण हाक मारायची त्यांची रीत एकच. मला ते नावानं बोलवत नसत.

"ए नापास, गॅली आण. ए नापास, दगड पूस."

मी जात असे. आपल्यासाठी वेगळी काही हाक असू शकते, असं तेव्हा वाटतच नव्हतं.

मशीनवर रफीकभाई होते. जुन्या नाशकातले, साठीच्या आसपासचे. मी आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली लाल धाग्याची गुंडी दाखवली.

"दत्तू, हे ध्यान में रख. केसमधलं अक्षर संपलं, तर काय करणार?"

"थांबणार."

"थांबला तर अण्णा मारणार. थांबायचं नाय. त्याच रुंदीचा दुसरा खिळा घे, आणि डोक्यावर उभा कर. पाय वर. छापला की दोन काळ्या रेघा उठतात, छोट्या बाकड्यासारख्या. म्हणजे समजायचं, इथं अक्षर यायचंय. नंतर खरा खिळा मिळाला की बदलायचा. लेकिन जोपर्यंत फर्म्यात एक भी उलटा खिळा आहे, तोपर्यंत चौकटीच्या उजव्या कोपऱ्याला हा लाल धागा. धागा असला की मी हात लावत नाय. नसला की छापून मोकळा."

रीत साधी होती. दोन वर्षं मी ती न चुकता पाळली.

मग मार्थाबाई आल्या, काखेत निळ्या शाईनं लिहिलेल्या वह्या घेऊन. दहावीला इंग्रजीत अडकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी छोटं पुस्तक लिहिलं होतं. समजावणं मराठीत, वाक्यं इंग्रजीत. शाळा उघडायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ते मुलांच्या हातात पडायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. अण्णांनी काम माझ्याकडं दिलं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही केसेसवर हात बसलेला मी एकटाच होतो.

बाई दर दोन दिवसांनी मुद्रितं तपासायला यायच्या. इतर लेखक मुद्रितं घरी नेत. बाई माझ्या शेजारी स्टुलावर बसून तपासायच्या आणि मधूनच विचारायच्या, "हे वाक्य कळलं का तुला?"

"बाई, मला कशाला कळायला पाहिजे? मी फक्त लावतो."

"स्वयंपाकी चव घेत नाही का?"

मी हसायचो आणि पुढचा खिळा उचलायचो.

अकरावा धडा होता विशेषणं नाम म्हणून वापरण्याचा. मराठी भाग मी जुळवत होतो, त्यामुळं तो वाचावाच लागला. बाईंनी लिहिलं होतं: मळेवाली बाई बाजारात म्हणते, ताजी घ्या, काल आणलेली शिळी नका घेऊ. भाजी हा शब्द ती उच्चारतही नाही, तरी आपल्याला कळतं. मराठीत विशेषण असं एकटं कुठंही हिंडतं. इंग्रजीत त्याला तशी मोकळीक नाही. माणसांच्या एका सबंध वर्गाबद्दल बोलायचं असेल, तेव्हाच आधी 'द' लावून पुढचं नाम गाळता येतं. द रिच म्हणजे सगळे श्रीमंत. द पूअर, द ओल्ड, द सिक. पण माणूस एकच असेल तर असं म्हणता येत नाही. तिथं अ पूअर मॅन, ॲन ओल्ड वुमन, असं पूर्ण लिहावं लागतं.

मी ते जुळवत असताना पलीकडून अण्णांची हाक आली, "ए नापास, चहा सांग."

बाईंनी चष्म्यावरून अण्णांकडं पाहिलं.

"अण्णा, तुमच्याकडे नापास किती आहेत?"

"हा एकच हे ना बाई."

"मग पुढे माणूस लावा. एकट्याला नुसतं विशेषण चालत नाही. माझ्या पुस्तकात आहे, तुमच्याच इथं छापतंय."

अण्णांना काही कळलं नाही, पण मशीनवरून रफीकभाई ओरडले, "ए नापास माणूस, मेरी चाय में शक्कर कम." पुढचे पंधरा दिवस सगळे मला नापास माणूस म्हणत होते. तुम्हाला ही थट्टा वाटेल. मला मात्र त्या जोडलेल्या शब्दानं पाठीला कुणी हात लावल्यासारखं वाटलं होतं.

आता मुख्य गोष्ट.

त्या धड्याच्या शेवटी सराव होता, चाळीस वाक्यांचा. आणि चाळीसही वाक्यं एकाच शब्दानं सुरू होणारी. द पूअर अमुक, द ओल्ड तमुक. म्हणजे चाळीस वेळा मोठा टी. केसमध्ये मोठी अक्षरं थोडीच असतात, रोजच्या कामाला लागतात तेवढी. माझ्याकडचे होते नव्हते ते टी आधीच्या धड्यांच्या पानांत अडकले होते. ती पानं छापून झाली होती, धुऊन कोपऱ्यात रचलेली होती. मी त्यांचे खिळे सोडले असते, तर टी परत खणात आले असते. पण खिळे सोडण्यात दिवस जातो, आणि दिवसाच्या शेवटी दाखवायला काही नसतं. मला दाखवायचं होतं. पुस्तक भराभर पुढं सरकतंय हे अण्णांनी पाहावं, म्हणून मी सोडणं टाळत गेलो आणि जुळवत गेलो.

म्हणून चाळीसच्या चाळीस टी उलट्या खिळ्यांनी भरले. बाईंनी त्या पानाचं मुद्रित पाहिलं तेव्हा त्या हसायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन काळ्या रेघा, वरपासून खालपर्यंत, जणू जिना.

"हे काय रे?"

मी त्यांना उलट्या खिळ्याची गोष्ट सांगितली, आणि लाल धाग्याचीही, मोठ्या ऐटीत. आमच्याकडं अशी चूक होऊच शकत नाही बाई, असंही वर म्हणालो.

संध्याकाळी निघताना अण्णांनी विचारलं, "अकरावा धडा तयार का?"

खरं उत्तर होतं, नाही, टी बाकी आहेत, मी वेळेवर खिळे सोडले नाहीत. पण मला वाटलं, हे बोललो की अण्णा म्हणतील, जा परत किनवटला. परत जायचं म्हणजे बाप दारात उभा असणार, आणि काही बोलणार नाही. त्या न बोलण्याची मला धास्ती होती. मी म्हणालो, "हो, तयार."

तयार म्हटल्यावर फर्मा आवळावा लागला. आवळला. धागा बांधला असता तर अण्णांनी दुरून बघूनच ओळखलं असतं. म्हणून नाही बांधला. मनाशी हिशेब असा, की रफीकभाई आठ वाजता येतात. आपण सातला येऊ, फर्मा सोडवू, जुन्या पानांतले टी काढून बसवू, आठच्या आत पुन्हा आवळून ठेवू. कुणाला कळणारही नाही.

सकाळी सातला मी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मशीनचा आवाज ऐकला.

नऊ वाजता लाइट जाणार होती, म्हणून रफीकभाई साडेसहालाच आले होते. मी दारातून पाहिलं. छापलेल्या कागदांचा गठ्ठा वाढत होता, आणि पलीकडं कोऱ्या कागदांचा गठ्ठा अजून निम्म्याहून जास्त होता.

पुढचा पाऊण तास मी कुणालाच कधी नीट सांगितला नाही, इथं सांगतो. मला आत जाऊन "थांबवा" एवढंच म्हणायचं होतं. मी गेलो नाही. गल्लीच्या टोकाला चहाच्या गाडीवर जाऊन उभा राहिलो. चहा घेतला, तोही पिववेना. ऐकत राहिलो. एकेक कागद दाबला जात होता आणि मी मोजल्यासारखा ऐकत होतो. आवाज थांबला तेव्हा आत गेलो, नुकताच आल्यासारखा.

रफीकभाई हात पुसत म्हणाले, "क्या रे दत्तू, तुमच्या गावात सूरज लेट निकलता क्या?"

अण्णा आले. त्यांनी सवयीनं वरचा कागद उचलला. मग दुसरा. मग गठ्ठ्याच्या मधला.

"रफीक, हे काय हे?"

रफीकभाईंनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडं वळले. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. नंतर कळलं.

"धागा नव्हता अण्णा."

अण्णा माझ्याकडं वळले. "बांधला व्हता का तू?"

"बांधला होता," मी म्हणालो.

शब्द तोंडातून सहज गेला. त्याचं अजून नवल वाटतं.

"धागा ऱ्हाऊ दे," अण्णा रफीकभाईंना म्हणाले. "चाळीस बाकडी हायेत पानावर. लहान पोरालाबी दिसतील. तुला एक पण दिसलं नाय? रोज पहिला कागद बघतो ना तू?"

रफीकभाईंनी माझ्याशी वाद घातला नाही, धाग्याचं पुन्हा काढलं नाही. बोटांनी कागद चाचपत उभे राहिले. अण्णा चिडले होते. कागद गेला होता, जून तोंडावर होता, बाईंना शब्द दिलेला होता. ते रफीकभाईंना म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

इतक्यात मार्थाबाई छत्री मिटत आत आल्या. त्यांनी काय झालं ते ऐकलं, एक कागद घेतला, तो जिना पाहिला. या वेळी हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "दत्ता, माझी पिशवी जड आहे. रिक्षापर्यंत चल."

पिशवी जड नव्हती. कारंजापाशी आलो तरी त्या रिक्षाला हात करेनात.

"वही घरी राहिली असं सांगणारे चेहरे मी चौतीस वर्षं पाहिलेत," त्या म्हणाल्या. "मी काही विचारत नाही. फक्त एक सांगते. रफीकभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन्ही. मागच्या आठवड्यात त्यांनी मला माझ्याच पुस्तकाचं पान उलटं धरून दाखवलं, म्हणून मी विचारलं. अण्णांना सांगू नका म्हणाले, मशीनवरून काढतील. शाई ते बोटानं ओळखतात, कागद बोटानं ओळखतात. आणि तो तुझा धागाही ते बघत नव्हते. चाचपत होते."

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, चहाच्या गाडीपर्यंतचं. भर रस्त्यात. फुलवाल्या बायका टोपल्या सोडून बघायला लागल्या.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? माझी काही नोकरी जात नाहीये."

मला वाटलं होतं, त्या मला जवळ घेतील, नाहीतर थोबाडीत मारतील. दोन्हीही सोपं झालं असतं. त्यांनी छत्री उघडली आणि छापखान्याकडं परत चालायला लागल्या. मी मागून.

दारात त्या एका बाजूला उभ्या राहिल्या. मला पुढं ढकललं नाही, माझ्या वतीनं बोलल्या नाहीत. रफीकभाई आपला डबा आणि जुनी चप्पल पिशवीत भरत होते. मी म्हणालो, "अण्णा, मी धागा बांधला नव्हता. तयार नसताना तयार म्हणालो. आणि छापताना आलो होतो, थांबवलं नाही."

अण्णांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "आन रफीकला काढलं, तवा गप उभा व्हतास."

"हो."

रफीकभाई खाली बघून म्हणाले, "पोरगा आहे अण्णा. आणि मला पण दिसत नाय, हे खरं आहे. दोघांनी पण लपवलं." मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "दत्तू, तेरा धागा मतलब मेरी आँख थी रे."

माझ्या आयुष्यात मला खूप जण रागावले. त्या सगळ्यांचं मिळून जेवढं लागलं नाही, तेवढं हे लागलं. त्यात राग नव्हता म्हणून.

अण्णा मटकन खुर्चीत बसले. "म्हंजे इथं एकाला दिसत नाय आन एकाला बोलता येत नाय. मी कशाला छापखाना चालवतोय?" बाई म्हणाल्या, "पुस्तक छापायला. ते अजून अर्धं बाकी आहे. मला एक चौकट मोकळी करून द्या."

तो गठ्ठा वाया जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पानाच्या वरच्या बाजूला दोन ओळींची जागा होती. तिथं पुन्हा छापायला त्यांनी मला मजकूर सांगितला, मी जुळवला. तो अजून पाठ आहे: "खालील प्रत्येक वाक्यातले पहिले अक्षर पळून गेले आहे. काळ्या रेघांच्या मागे, समासात, ते परत आणून उभे करा." रफीकभाईंनी तेच कागद पुन्हा मशीनवर चढवले. या वेळी प्रत्येक शंभराव्या कागदाला मी शेजारी उभं राहून बघायचो आणि "बराबर" म्हणायचो. तेव्हा ते पुढं जायचे.

पुस्तक जूनमध्ये मुलांच्या हातात पडलं. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती काढली, त्यात चाळीस टी सरळ छापले. तेव्हा एका शाळेतल्या मास्तरांनी बाईंना पत्र लिहिलं, की पळालेल्या अक्षरांचा सराव का काढून टाकला, मुलांना तोच आवडत होता. बाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं. मी म्हणालो, "पुन्हा उलटे लावू का?" त्या म्हणाल्या, "एकदा पुरे."

अण्णांनी मला काढलं नाही. शिक्षा मात्र दिली. बाईंचं पुस्तक हातावेगळं झालं की पावसाळाभर मी एकही ओळ जुळवायची नाही, फक्त खिळे सोडायचे. आणि त्याच आठवड्यात ते रफीकभाईंना स्वतःच्या स्कूटरवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. ऑपरेशननंतर हिरवी पट्टी काढल्यावर रफीकभाई छापखान्यात आले, भिंतीवरच्या खुंटीकडं बघत म्हणाले, "अरे, ये धागा तो गुलाबी है." धुळीनं आणि उन्हानं तो खरंच गुलाबी झाला होता. आम्हाला कुणालाच ते दिसलं नव्हतं.

आणि खिळे सोडण्याची ती शिक्षा. ती मला लागू पडली. जुळवताना न वाचता चालतं, पण सोडताना शब्द वाचावाच लागतो. बोटांत एक सबंध शब्द धरायचा, मनात म्हणायचा, आणि अक्षर अक्षर खणात टाकायचं. असे हजारो इंग्रजी शब्द माझ्या बोटांतून गेले. अर्थ कळेना तेव्हा मी कागदावर उतरवून ठेवायचो, आणि रविवारी दुपारी शरणपूरला जायचो. बाई कधी ये म्हणाल्या नाहीत. दार मात्र उघडं असायचं, आणि पोहे दोन बशांत काढलेले.

सतरा नंबरचा फॉर्म बाईंनीच भरून आणला. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचा तो रस्ता. पहिल्या वेळी इंग्रजी राहिलं. दुसऱ्या वेळी निघालं. गुणपत्रिका घेऊन गेलो तर बाईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "अण्णांना दाखव. आता विशेषण बदलावं लागेल त्यांना." अण्णांनी काही दिवस "ए पास" म्हणून पाहिलं, ते जिभेवर बसेना. मग एक दिवस नुसतंच "दत्ता" म्हणाले. तेव्हापासून तेच.

पुढं संगणक आले. दोन-चार वर्षांत शिशाचे खिळे भंगारात गेले, वजनावर. जुळारी लोक कुणी रिक्षा घेतली, कुणी भाजीची गाडी लावली. मला कीबोर्डची भीती वाटली नाही, कारण त्यावरची अक्षरं माझ्या ओळखीची होती, आणि पडद्यावर जे लिहून यायचं ते आता मला वाचता येत होतं. आज कॉलेज रोडच्या मागं माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. इंग्रजी प्रबंध, माहितीपत्रकं, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, सगळं करतो. बाप गेला, पण जाण्याआधी एकदा नाशिकला येऊन दुकानात बसून गेला. तेव्हाही फार बोलला नाही, पण दोनदा चहा प्यायला. हे ज्यांच्यामुळं झालं, त्यांतले रफीकभाई आता नाहीत. त्यांची माफी मी त्याच दिवशी संध्याकाळी निघताना मागितली होती, पण ती घाबरलेल्या माणसाची माफी होती. नीट मागायची राहिली. ते दुःख आहे, आणि ते राहू द्यावं असं मला वाटतं.

छापखाना विकताना अण्णांनी विचारलं, तुला काय पाहिजे ते ने. मी इंग्रजी केसमधले मोठे टी मागितले. सगळे. ते एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. शिवाय पोस्टरसाठी वापरायचे ते लाकडी मोठे खिळे, तळहाताएवढे, त्यांचाही एक संच आणला. आणि खुंटीवरचा धागा.

मार्थाबाई आता देवळालीला भाचीकडं असतात. नजर गेली आहे, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. मागच्या महिन्यात गेलो होतो. माझ्या पावलांवरून ओळखलं. भाची म्हणाली, "मावशी, अंध लोकांसाठी रेडिओवर कार्यक्रम असतो, तो लावून देते." बाई म्हणाल्या, "लाव. पण ते सगळे अंध वेगळे. मी एकटी आहे. मी एक म्हातारी बाई आहे, जिला दिसत नाही. पूर्ण लिहीत जा." आणि मग माझ्याकडं तोंड करून, "काय रे दत्ता, अकरावा धडा ना?"

निघताना त्या म्हणाल्या, "त्या पहिल्या आवृत्तीचं ते पान मला एकदा परत बघायचं होतं. राहिलं." पुस्तक माझ्या कपाटात आहे, पण ते त्यांना दाखवून काय उपयोग.

बसमध्ये सुचलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मशीनचा दाब वाढवला की अक्षर कागदावर नुसतं उमटत नाही, ते आत खोल बसतं. जाड पुठ्ठ्यासारखा कागद घ्यायचा आणि लाकडी मोठे खिळे. येवल्याला एका जुन्या छापखान्यात हातानं दाबायचं मशीन अजून पडून आहे, बोलणी केली आहेत. चाळीसच्या चाळीस वाक्यं, एका कागदावर एक. शाई लावायची नाही.

बाई, हात बसायला वेळ लागेल, डोळे माझेही पूर्वीचे राहिले नाहीत. पण तुमचं ते पान माझ्याकडं बाकी आहे, आणि मी ते तुमच्या हातात देणार आहे. एकेक कागद घ्या, डावीकडून बोट फिरवा. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला तुमचं बोट एका सरळ उभ्या टीमध्ये जाईल. आणि शेवटचा कागद पूर्ण होईपर्यंत चौकटीच्या उजव्या कोपऱ्याला धागा बांधलेला असेल.